बिनतारी परलोक

‘शास्त्रानें सिद्ध झालें आहे’ या चार शब्दांना हल्लीं जो दरारा आहे, तो पूर्वीं वेदवाक्यालाहि क्वचितच असेल. हे शब्द कोणीं उच्चारले, कशाला अनुलक्षून उच्चारले, आणि सिद्ध झालें तें नेमकें काय, हें विचारण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाहीं. या दराऱ्याचा एक विलक्षण उपयोग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पाश्चात्य देशांत रूढ झाला असून, चित्रमालिकांच्या मार्गानें तो आपल्याकडेहि येऊन पोंचला आहे. एखाद्या जुन्या घरांत अपरात्रीं जावयाचें, हातांत मावेल एवढा एक मीटर भिंतीभिंतीवरून फिरवावयाचा, आणि त्यावरील दिवे लागले कीं तेथें मृतात्म्याचें सान्निध्य आहे असें मानावयाचें, अशी ही पद्धति आहे. २००४ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या एका मालिकेनें तिला घरोघर नेलें. त्या मालिकेचे नायक धंद्यानें नळकाम करणारे दोन गृहस्थ होते, हें मी त्यांना कमी लेखण्यासाठीं सांगत नाहीं. गळती कोठें आहे हें शोधण्याची त्यांची हातोटी पदवीधरांपेक्षां बरीच असावी.

हा विषय पदार्थविज्ञानाच्या अध्यापकानें हाताळावा, वाङ्मयाच्या अध्यापकाचें येथें काय काम, अशी शंका कोणी काढील. माझें म्हणणें असें कीं, हा विषय मुख्यतः वाङ्मयाचाच आहे. मीटर कांहींच बोलत नाहीं. बोलतात तीं माणसें. तीं जी कथा सांगतात तिचें कुलशील तपासणें हें टीकाकाराचें काम होय.

तथापि आधीं यंत्राची ओळख करून घेतली पाहिजे. विजेच्या तारा, पंखे, फ्रीज, पंप यांच्याभोंवतीं जें क्षणोक्षणीं दिशा पालटणारें चुंबकीय क्षेत्र असतें, तें मोजण्यासाठीं हा मीटर केलेला आहे. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें करतो, अमेरिकेंत ६०. त्या आवर्तनांचें क्षेत्र या यंत्राला कळतें. पृथ्वीचें स्वतःचें क्षेत्र २५० ते ६५० मिलिगॉस, म्हणजे कितीतरी मोठें. पण तें स्थिर असल्यामुळें हा मीटर त्याची दखलहि घेत नाहीं. उलट भिंतीआडून गेलेली तार, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, किंवा संशोधकाच्याच खिशांतला मोबाईल यांच्यापुढें त्याचे दिवे भराभर लागतात. पांच दिव्यांचा जो मीटर या मंडळींत विशेष प्रिय आहे, त्याचा शेवटचा दिवा अवघ्या २० मिलिगॉसांच्या आसपास लागतो. चालू मिक्सरच्या अगदीं जवळ तो धरला, तर स्वयंपाकघरांत साऱ्या पितरांचें संमेलन भरलें आहे असें वाटावें.

पण यंत्र क्षुल्लक आहे हा माझा मुख्य आक्षेप नव्हे. क्षुल्लक यंत्रांनींहि मोठे शोध लागले आहेत. माझा आक्षेप त्या कथेवर आहे. या संशोधकांच्या लेखनांत दोन उपपत्ति एकत्र नांदतांना दिसतात. एक अशी कीं, मृतात्मा हीच एक शक्ति असल्यामुळें तिच्याभोंवतीं विद्युच्चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. दुसरी अशी कीं, प्रखर क्षेत्राचा मेंदूवर परिणाम होऊन माणसाला कोणी तरी जवळ असल्याचा भास होतो. या दोन उपपत्ति एकमेकींच्या सख्ख्या वैरिणी आहेत. पहिली खरी असेल तर मीटरचे दिवे हा भुताचा पुरावा. दुसरी खरी असेल तर तेच दिवे भूत नसल्याचा पुरावा. असें असतां एकाच प्रकरणांत, कधीं कधीं एकाच परिच्छेदांत, दोहींचाहि आधार घेतला जातो, आणि वाचकाला त्याची खंत वाटत नाहीं. कादंबरींतील पात्र असें दोन तोंडांनीं बोललें असतें तर आमच्या टीकाकारांनीं लेखकाला सोडलें नसतें.

हा गोंधळ आजचा नाहीं, आणि त्याच्या मुळाशीं जावयाचें तर दीडशें वर्षें मागें जावें लागतें. १८७४ सालीं लंडनमध्यें फ्लॉरेन्स कुक नांवाच्या तरुण माध्यमाची परीक्षा क्रॉमवेल व्हार्ली यानें घेतली. हा अटलांटिक महासागरांतील तारेच्या कामावरचा नामांकित विद्युत्-अभियंता. त्यानें त्या मुलीच्या शरीरांतून मंद विद्युत्प्रवाह सोडला आणि तो गॅल्व्हनोमीटरला जोडला. अंधारांत ‘आत्मा’ प्रकट होत असतां ती खुर्चीवरून उठली, तर सुई हलावी, अशी ही योजना. योजना अभेद्य नव्हती. पुढील वर्षीं तशाच परीक्षेतून विल्यम क्रुक्स याच्यासमोर पार पडलेल्या ॲना ईव्हा फे हिनें, विजेची एक मूठ गुडघ्याच्या लवणींत धरून हात कसा मोकळा केला, हें उतारवयांत हुडिनी या जादूगाराला सांगितलें. पण फसली तरी ती परीक्षा होती. तेथें विजेचें यंत्र जिवंत माणसावर पहारा करीत होतें. आजच्या मीटरचा रोख मृतावर आहे, आणि जिवंतावर पहारा करणारें तेथें कांहींच उरलेलें नाहीं. दीडशें वर्षांत मापनकला पुढें गेली आणि मापनाची नीति मागें आली, असें मला वाटतें.

मधल्या काळांत घडलें तें असें. मॅक्सवेलचा विद्युच्चुंबकीय क्षेत्रावरील निबंध १८६५ सालीं प्रसिद्ध झाला. हर्ट्झनें १८८७-८८ मध्यें त्या लहरी प्रत्यक्ष दाखविल्या. आणि शतक संपतें न संपतें तों मार्कोनीचे संदेश तारेवांचून जाऊं लागले. जें दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, भिंतीला जुमानीत नाहीं, आणि योग्य यंत्रापुढें मात्र बोलूं लागतें, असें कांहीं तरी खरोखरच अस्तित्वांत आहे, हें शास्त्रानेंच सांगितलें. परलोकाला याहून चांगली उपमा कोठून मिळावी? या उपमेच्या मोहांत जे पडले त्यांत एक पदार्थविज्ञानाचा पंडित होता आणि एक कथाकार. आणि त्या दोघांची तुलना करण्यासाठींच खरें म्हणजे मीं ही लेखणी उचलली.

कथाकार रड्यार्ड किपलिंग. मॅक्सवेलचा निबंध ज्या सालीं छापला गेला त्याच सालच्या डिसेंबरांत, मुंबईस, जे. जे. कलाशाळेच्या आवारांत त्याचा जन्म झाला. वडील तेथें शिक्षक होते. त्याची ‘वायरलेस’ ही कथा १९०२ ची. समुद्रकांठच्या गांवांतलें औषधांचें दुकान, कडाक्याची थंडी, मागील खोलींत एक तरुण बिनतारी यंत्रावर संदेशाची वाट पाहात बसला आहे. पुढें गल्ल्यापाशीं क्षयानें पोखरलेला दुकानांतील सहायक गुंगीत जातो आणि कीट्सच्या कवितेच्या ओळी चांचपडत, खोडत, सुधारत लिहूं लागतो. कीट्सचें नांवहि त्यानें ऐकलेलें नाहीं. परिस्थिति सारखी, तर ग्रहणहि सारखें, असा तर्क कथेंतील निवेदक घाबरून करूं लागतो. पण किपलिंगची थोरवी शेवटांत आहे. यंत्रावर अखेर जो संदेश येतो तो कीट्सचा नव्हे. समुद्रावरील दोन युद्धनौका एकमेकींना हाका मारीत आहेत आणि एकीचें दुसरीला कळत नाहीं, हें तिसऱ्याच ठिकाणीं ऐकूं येतें. यंत्र चालतें आहे, आणि तरीहि बोलणें पोंचत नाहीं. उपमेचा मोह लेखकानें पुरता भोगला आणि तिला सिद्धांत होऊं दिलें नाहीं.

पंडित सर ऑलिव्हर लॉज. बिनतारी संदेशाच्या आद्य संशोधकांपैकीं एक. १८९४ सालीं हर्ट्झच्या लहरींचे त्याचे जाहीर प्रयोग गाजले होते. १४ सप्टेंबर १९१५ रोजीं त्याचा मुलगा रेमंड फ्लँडर्सच्या रणभूमीवर पडला. पुढील वर्षीं ‘रेमंड’ हें पुस्तक आलें. माध्यमांच्या द्वारें मुलाशीं झालेल्या संभाषणांचीं टिपणें आणि परलोकाविषयींची लॉजची मीमांसा असें त्याचें स्वरूप आहे. विश्व व्यापून राहिलेल्या ‘ईथर’वर त्याची आयुष्यभर श्रद्धा होती, त्या ईथरांतच त्यानें मृतांना घर दिलें. परलोकांत मिळणाऱ्या सिगारांचा व मद्याचा त्यांत उल्लेख आहे म्हणून टीकाकारांनीं पुष्कळ थट्टा केली. मला ती थट्टा करवत नाहीं. मात्र पुस्तक वाचतांना जाणवतें कीं, मापन करणारा हात येथें थरथरतो आहे, आणि तो थरथरतो हें लेखक नोंदवीत नाहीं.

रेमंडनंतर बरोबर तेरा दिवसांनीं, लूसच्या लढाईंत, किपलिंगचा एकुलता मुलगा जॉन नाहींसा झाला. वय अठरा. दृष्टि अधू म्हणून सैन्यांत घेत नव्हते. बापानें ओळखी खर्चून त्याला प्रवेश मिळवून दिला होता. मुलाचा देह बापाच्या हयातींत सांपडला नाहीं. किपलिंगची बहीण ‘मिसेस हॉलंड’ या टोपणनांवानें स्वयंलेखन करीत असे आणि तें लंडनच्या मानसिक संशोधन संस्थेकडे पाठवीत असे. म्हणजे हवें असतें तर माध्यम घरांतच होतें. तो गेला नाहीं. १९१९ च्या संग्रहांत ‘एन-डोर’ ही कविता घालून त्यानें शोकाकुल आईबापांना त्या वाटेपासून परावृत्त केलें, मुलाच्या पलटणीचा दोन खंडांचा इतिहास लिहिला, आणि युद्धांतील कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळावर काम केलें. बिनतारी भुताची सर्वांत सुंदर कथा लिहिणारा मनुष्य, स्वतःवर प्रसंग आला तेव्हां, त्या कथेचा आसरा घेत नाहीं. साम्राज्याविषयींचीं त्याचीं मतें मला मुळींच मानवत नाहींत. परंतु या एका बाबतींत त्याच्यापुढें मान लवते.

नंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. कॅनडांतील सडबरी येथें मायकेल पर्सिंजर या मानसशास्त्रज्ञानें एका शिरस्त्राणांत चुंबकीय कुंडलें बसविलीं आणि त्यांच्या अतिमंद क्षेत्रानें बहुतेकांना कोणी तरी जवळ असल्याची जाणीव होते असें प्रतिपादिलें. वर सांगितलेल्या दुसऱ्या उपपत्तीचा उगम बराचसा येथें आहे. २००५ सालीं स्वीडनमधील उप्साला येथें ग्रॅन्क्विस्ट व त्याचे सहकारी यांनीं तोच प्रयोग, क्षेत्र चालू आहे कीं बंद हें प्रयोगकर्ता व पात्र या दोघांसहि कळूं न देतां केला. क्षेत्राचा परिणाम आढळला नाहीं, सूचनावश स्वभावाचा आढळला. पर्सिंजरला हें मान्य झालें नाहीं. लंडनमध्यें ख्रिस्तोफर फ्रेंच व त्याचे सहकारी यांनीं ७९ जणांना एका रिकाम्या खोलींत ५० मिनिटें ठेवून पाहिलें व २००९ सालीं निष्कर्ष छापला: चमत्कारिक अनुभव पुष्कळांना आले, पण क्षेत्र असण्यानसण्याशीं त्यांचा संबंध दिसला नाहीं. याच्या उलट बाजूसहि थोडें आहे. २००३ सालीं वाइझमन व सहकाऱ्यांनीं हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यांतील व एडिंबरोच्या तळघरांतील निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. ठराविक जागींच अनुभव अधिक येतात आणि त्यांचा प्रकाश, जागेचें आकारमान, क्षेत्रांतील चढउतार अशा गोष्टींशीं कांहीं मेळ बसतो, असें त्यांना दिसलें. ही नोंद प्रामाणिक आहे, आणि तिच्यांत भूत नाहीं.

आतां आपल्याकडील भुतांकडे पाहा. मुंजा, समंध, अलवंतीण. हीं नांवें म्हणजे एकेका अपुऱ्या आयुष्याचा दाखला आहे. मुंज झाली आणि लग्न राहिलें तो मुंजा. जीव ठेव्यांत वा वतनांत अडकला तो समंध. बाळंतपणांत गेली ती अलवंतीण. आमच्या आजीचा या सर्वांवर विश्वास होता, माझा नाहीं. पण तिच्या भुताला वय होतें, घर होतें, राहून गेलेली इच्छा होती. मीटरच्या भुताला मिलिगॉस आहेत. अंधश्रद्धा कमी झाली असें नव्हे, तर तिच्यांतलें माणूस तेवढें गळून गेलें.

हें मी इतक्या ठामपणें लिहितों खरें, पण मागील पावसाळ्यांत माझीच परीक्षा झाली. आमच्या पेठेंतील एक वृद्ध स्नेही, निवृत्त शिक्षक, त्यांना सारे अण्णा म्हणतात, यांचा धाकटा मुलगा दोन वर्षांपूर्वीं अपघातांत गेला. कोणा ओळखीच्यानें तीन तरुण आणले. त्यांनीं रात्रीं मुलाच्या खोलींत मीटर ठेवला, मुलाला नांवानें हाक मारून ‘आहेस का?’ म्हणून विचारलें, आणि दिवे लागले. दुसऱ्या दिवशीं अण्णांनीं मला बोलावून घेतलें. खोली पाहतांच माझ्या लक्षांत आलें कीं, ज्या भिंतीशीं मीटर ठेवला होता तिच्या पलीकडे जिना आहे, आणि जिन्यांत सबंध इमारतीचा विजेचा बोर्ड. रात्रीं पाण्याचा पंप सुरू होतो तोहि त्यावरूनच. सांगावें कीं न सांगावें या विचारांत मीं बराच वेळ काढला. शेवटीं म्हणालों, “अण्णा, या भिंतीमागें बोर्ड आहे.”

“ठाऊक आहे, प्रोफेसरसाहेब,” ते म्हणाले. “चाळीस वर्षें बिल मीच भरतों आहें. पण त्या पोरांनीं त्याचें नांव घेतलें. दोन वर्षांत या घरांत तें कोणीं मोठ्यानें उच्चारलें नव्हतें.”

मीं त्याचें नांव घेऊन, तो शाळेंत असतांना माझ्याकडे व्याकरण विचारायला येई, ती आठवण सांगितली. अण्णांनीं कपाट उघडून त्याच्या वह्या काढल्या. दिवेलागणीपर्यंत आम्ही त्या चाळीत बसलों.