चौथीच्या वर्षाचे वाङ्मय : ‘शिवछत्रपती’ आणि धर्मशिक्षण

महाराष्ट्रातील मुलाच्या शालेय जीवनात इयत्ता चौथीचे वर्ष हे एका ग्रंथाचे वर्ष असते. भाषा, गणित, परिसर हे विषय मागील इयत्तांतून चालत आलेले असतात व पुढेही चालू राहतात. परंतु एकाच पुरुषाचे जन्मापासून निधनापर्यंतचे चरित्र वर्षभर वाचण्याचा योग याच इयत्तेत येतो. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाची, म्हणजेच ‘बालभारती’ची, स्थापना १९६७ साली झाली. त्यानंतर अल्पावधीतच, १९७० साली, ‘शिवछत्रपती’ हे पुस्तक चौथीच्या हाती आले, आणि पुढे ५ दशकांहून अधिक काळ ते या ना त्या रूपात तेथेच राहिले. २०१४ च्या पुनर्रचनेत त्याला परिसर अभ्यासाचा दुसरा भाग असे नाव मिळाले. चरित्र मात्र कायम राहिले.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळा गावातील मूल हे चरित्र वाचते. नागपूरच्या वा वसईच्या, राज्याचा अभ्यासक्रम स्वीकारलेल्या कॅथॉलिक शाळेतील मूलही हेच वाचते. सोनाळ्याच्या मुलाचा एक अधिकार विशेष आहे. जिजाबाईंचे जन्मस्थान सिंदखेड राजा हे त्याच्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकास आहे. वसईच्या मुलाचे नाते निराळे. त्याच्या गावातील किल्ला पोर्तुगीजांचा. तो मराठ्यांनी १७३९ साली घेतला. आणि त्याच्या घरचा धर्म हा त्या पोर्तुगीज काळाचाच वारसा. एकच पुस्तक या दोन मुलांस काय शिकविते, आणि कॅथॉलिक शाळा त्यात स्वतःची अशी कोणती भर घालते, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा मानला जातो. तो वाङ्मयसमीक्षेचाही आहे, कारण येथे जे शिकविले जाते ते बव्हंशी कथनाच्या रूपाने शिकविले जाते.

कॅथॉलिक शाळेच्या वर्षात कॅथॉलिक असे किती असते, याविषयी बाहेरच्यांचे अनुमान बहुधा अवास्तव असते. संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा अधिकार दिला. २८ व्या अनुच्छेदाने, राज्यमान्य वा राज्याचे साहाय्य घेणाऱ्या संस्थेत कोणासही संमतीवाचून, आणि मूल अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणास बसविता येणार नाही असा निर्बंध घातला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या शेकडा एकहूनही कमी, सुमारे १० लक्ष ८० हजार आहे. सामान्यतः, वसईसारखा प्रदेश सोडल्यास, या शाळांतील बहुसंख्य विद्यार्थी अन्यधर्मीय असतात. परिणामी बहुतेक ठिकाणी वेळापत्रकात एक तास दुभंगतो : कॅथॉलिक मुले धर्मशिक्षणास जातात, उरलेली नीतिशिक्षणास. बाकी सर्व दिवस राज्याच्या अभ्यासक्रमाचा असतो.

प्रथम राज्याच्या पुस्तकाचा विचार करू जाता त्याचे वाङ्मयीन सामर्थ्य मान्य केलेच पाहिजे. शालेय इतिहासाची पुस्तके सामान्यतः सनावळ्यांच्या ओझ्याने वाकलेली असतात. हे तसे नाही. त्याची रचना प्रसंगनिष्ठ आहे. प्रत्येक पाठ म्हणजे एक संकट व त्यातून निघालेली वाट. वाक्ये आखूड, संवाद नेमके, निवेदन वेगवान. बाजीप्रभूंची खिंड हा याचा उत्तम नमुना. तेथे लढाईचे वर्णन गौण आहे. खरा ताण आहे तो विशाळगडावरून येणाऱ्या तोफांच्या आवाजाच्या प्रतीक्षेचा. तो आवाज होईपर्यंत मरावयाचे नाही, एवढ्या एका अटीवर सगळा पाठ उभा राहतो, आणि नऊ वर्षांच्या वाचकाला ती अट पूर्णपणे समजते. आग्र्याहून सुटकेचा प्रसंग याच्या अगदी उलट वळणाचा : तेथे वीररसाऐवजी विनोद आहे, पेटाऱ्यांची युक्ती आहे, आजाऱ्याचे सोंग आहे. वीर आणि चतुर ही दोन्ही रूपे एकाच नायकात पाहण्याची सवय मराठी मुलाला या पुस्तकाने लाविली. हिरोजी फर्जंद व मदारी मेहतर ही नावे एकाच प्रसंगात शेजारी येतात. त्यावर पुस्तकाने लांब व्याख्यान दिले असते तर ते निष्फळ ठरते. कथेच्या ओघात आल्याने ते ठसते.

परंतु याच सामर्थ्यातून पुस्तकाची एक वेगळी गती निर्माण झाली. १९९१-९२ च्या सुमारास अभ्यासक्रम बदलताना हे पुस्तक बदलण्याचा विचार पुढे आला तेव्हा समाजातून तीव्र विरोध झाला आणि जुने पुस्तक राखण्यात आले. पुढे, या शतकाच्या पहिल्या दशकात, दादोजी कोंडदेव यांच्याविषयीच्या मजकुरावरून वाद पेटला व मजकुरात फेरफार झाले. या दोन घटना परस्परविरोधी वाटतात. एकीत मजकूर बदलू नये म्हणून आग्रह, दुसरीत बदलावा म्हणून. वस्तुतः दोहोंमागील धारणा एकच आहे : या पुस्तकातील शब्द हा केवळ पाठ्यांश नसून प्रमाणवचन आहे, आणि त्याची राखण समाजाने करावयाची आहे. पाचवीच्या वा सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकावर इतकी निष्ठा कोणी दाखविलेली नाही. ज्या वाङ्मयाची पाठशुद्धी लोकांच्या सभेत ठरते त्याला परंपरेने निराळे नाव आहे. ते पोथीचे नाव होय.

धर्मशिक्षणाच्या तासात नेमकी उलट हालचाल झालेली दिसते. मराठी भाषकांत ख्रिस्ती शिक्षणाच्या दोन रीती आरंभापासून आहेत, आणि दोन्हींचा कर्ता एकच, फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ते सुमारे ११ हजार ओव्यांचे कथाकाव्य आहे. त्यांची ‘दौत्रिन क्रिस्तां’ त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली प्रसिद्ध झाली. ती कोकणीत, गुरु-शिष्य संवादाच्या रूपात, मार्कोस जोर्ज यांच्या पोर्तुगीज पुस्तकावर आधारलेली आहे. एक कथा, दुसरी प्रश्नोत्तरे. ‘ख्रिस्तपुराणा’च्या उपोद्घातातच असे दाखविले आहे की मुलांना दौत्रिन शिकविली जात असता श्रोत्यांतील एकजण उठतो व जुन्या पुराणांच्या जागी एखादे नवे पुराण द्यावे अशी मागणी करतो. हा प्रसंग घडला असो वा कल्पिलेला असो, त्यातील वाङ्मयीन जाण अचूक आहे. प्रश्नोत्तरे पाठ होतात, पण त्यांनी कथेची भूक भागत नाही. ज्याची पुराणे काढून घेतली त्याला केवळ उत्तरे देऊन चालत नाही, हे स्टीफन्सनी ओळखिले होते.

तथापि पुढील तीन शतके वर्गात राज्य चालले ते दौत्रिनीचे. १९१० साली दहाव्या पायस पोपांनी प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय साधारण सातव्या वर्षापर्यंत खाली आणिले, तेव्हापासून तिसरी-चौथीच्या वयाच्या मुलांची पाठांतरे अधिकच महत्त्वाची झाली. पालट झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५). १९६७ साली, बालभारतीच्याच वर्षी, बंगळूर येथे बायबल, धर्मशिक्षण व उपासना यांसाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि ठराविक उत्तरांऐवजी बायबलमधील कथा, मुलाचा स्वतःचा अनुभव व कृती यांना धर्मशिक्षणात अग्रस्थान मिळत गेले. म्हणजे ज्या कालखंडात राज्याची इतिहासकथा पोथीच्या पदवीस चढत होती त्याच कालखंडात चर्चची पोथी कथेकडे वळत होती. एकाच मुलाच्या एकाच वर्षात या दोन प्रवाहांची गाठ पडते. मूल इतिहास श्रद्धेने शिकते आणि श्रद्धा गोष्टीरूपाने.

या गाठीचा सर्वांत कठीण बिंदू मृत्यूच्या कथांत आहे. चौथीचे मूल वर्षभरात बाजीप्रभू (१६६०), मुरारबाजी (१६६५) आणि तानाजी (१६७०) यांची मरणे वाचते. वसईच्या मुलाने याखेरीज आपल्याच गावच्या गोन्सालो गार्सिया यांची कथा ऐकलेली असते : सोळाव्या शतकात वसईत जन्म, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह क्रूसावर मरण, १८६२ साली संतपद. वरवर पाहता कथांचे वळण सारखे आहे. निष्ठा, यातना, प्राणार्पण. परंतु बाजीप्रभूंच्या मरणाला एक कार्य आहे. त्याने राजा गडावर पोहोचतो, आणि तोफ वाजली की ते मरण सार्थ होते. नागासाकीच्या मरणाने काहीच पोहोचत नाही, कोणी वाचत नाही. ते निःशस्त्र साक्ष म्हणूनच सांगितले जाते. एक कथा हात उगारावयास शिकविते, दुसरी न उगारावयास. या दोहोंतील भेद नऊ वर्षांच्या मुलाला उमगू शकतो, आणि दोन्ही कथा त्याला आदरणीय वाटू शकतात. मात्र तो भेद उच्चारण्यास वेळापत्रकात जागा नाही. इतिहासाच्या तासास गार्सिया नाहीत, धर्मशिक्षणाच्या तासास बाजीप्रभू नाहीत. दोन्ही वर्गांत बसणारे मूल हा विचार, झालाच तर, एकट्याने करते.

तिसऱ्या तासाविषयी, म्हणजे नीतिशिक्षणाविषयी, फार लिहिण्यासारखे नाही. प्रामाणिकपणा, वक्तशीरपणा, स्वच्छता, मोठ्यांचा मान अशी गुणनामे घेऊन प्रत्येकाखाली एक बेतलेली गोष्ट ठेवावयाची, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. या गोष्टींतील मुलांना गाव नसते, आडनाव नसते, आणि ती कधीही खरोखर संकटात नसतात. कोणाचेही मन दुखवू नये या सद्हेतूने कथेतून कथाच काढून टाकली की काय उरते, हे येथे दिसते. अन्यधर्मीय बहुसंख्य मुलांच्या वाट्याला कॅथॉलिक शाळेकडून नेमके हेच यावे, यापरता विपर्यास नाही. कारण या संस्थेपाशी मराठीतील चार शतकांचा कथनाचा अनुभव आहे.

‘शिवछत्रपती’वरही एक आक्षेप उरतो. कथा संपताच पाठाखाली स्वाध्याय येतो : रिकाम्या जागा, जोड्या, एका वाक्यात उत्तरे. खिंडीतील प्रतीक्षा तेथे एका नावाच्या उत्तरात मिटते. स्टीफन्सच्या श्रोत्याने ज्या दौत्रिनीहून अधिक काही मागितले तीच येथे सरकारी शाईत परत येते, आणि परीक्षा तिचीच होते. दुसरी उणीव संतांच्या पाठात आहे. स्वराज्याची मनोभूमी संतांनी तयार केली हे प्रतिपादन तेथे योग्यच आहे; परंतु एकनाथांच्या पश्चात अवघ्या १७ वर्षांनी, शिवजन्मापूर्वी १४ वर्षे, ओवी छंदात रचलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ला त्या पाठात स्थान नाही. ते असते तर वसईच्या मुलाला आपल्या धर्मतासातील गोष्ट आणि आपल्या इतिहासतासातील भाषा यांचे मूळ एकाच शतकात सापडले असते. सोनाळ्याच्या मुलालाही ते परके वाटण्याचे कारण नव्हते. त्याच्या गावच्या भजनात आणि पोथीवाचनात ओवी त्याच्या कानावरून गेलेली असते. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरीत संपादून दिले, म्हणजे चौथीचे पुस्तक सिद्ध होण्यापूर्वी १४ वर्षे ते मराठी वाचकाच्या हाताशी होते.