शुष्क अस्थींचे दर्शन : भाकीत आणि अंतर्याम

भाकीत म्हटले की आपले लक्ष दिनदर्शिकेकडे वळते. कोणते राष्ट्र पडणार, शेवट केव्हा होणार, याचा हिशेब मांडताना संदेष्ट्यांचा मूळ हेतूच दृष्टिआड होतो. या संदर्भात यहेज्केलच्या ग्रंथाचा ३७ वा अध्याय पुन्हा वाचण्याजोगा आहे.

यहेज्केल याजक होता. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बंदिवान झालेल्यांबरोबर तो बाबेलला गेला. पुढे सुमारे दहा वर्षांनी यरुशलेमचे मंदिरही उद्ध्वस्त झाले. त्या निर्वासितांच्या विलापात सुकलेल्या हाडांची भाषा होती. संदेष्ट्याने तीच उचलली आणि तिचे दृश्य उभे केले. स्वदेशी परतण्याचे अभिवचन येथे आहेच. परंतु हाडांनी भरलेले ते खोरे प्रथम श्रोत्यांच्या मनातले आहे.

दर्शनाची रचना पाहावी. नवजीवन दोन टप्प्यांत येते. हाडाला हाड जुळते, त्यावर स्नायू, मांस व त्वचा चढते. देह पूर्ण होतात, तरी त्यांत श्वास नसतो. हा विराम म्हणजे अध्यायाचे मर्म होय. मंडळे, मिरवणुका, नोंदवह्या सारे यथास्थित असूनही एखादा धर्मग्राम निष्प्राण असू शकतो, हे येथे आपल्याला उमगावे.

'रूआह' हा हिब्रू शब्द पहिल्या १४ वचनांत १० वेळा येतो. त्याचा अर्थ कधी वारा, कधी श्वास, कधी आत्मा. मराठी अनुवादात हे तीन शब्द वेगळे होतात आणि त्यांचे नाते सुटते. 'प्राण' हा शब्द बराच जवळ येतो, पण त्यात चार दिशांचा वारा मावत नाही.

आंतरिक नूतनीकरण म्हणजे एकांतातील समाधान, असा अर्थ मात्र हा अध्याय काढू देत नाही. येथे उठून उभी राहते ती एकटी व्यक्ती नव्हे, तर इस्राएलचे अवघे घराणे. ख्रिस्तसभेनेही हे वाचन विचारपूर्वक योजिले आहे. 'अ' वर्षातील उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी या दर्शनाचा अखेरचा भाग लाजरसच्या कथेसोबत वाचला जातो. तेव्हा कबरी कोणत्या साली उघडतील, हा प्रश्न गौण ठरतो. आपण कोणत्या कबरीत सुखाने राहू लागलो आहोत, हा प्रश्न उरतो.

ही हाडे जगतील काय, असे देव विचारतो, तेव्हा यहेज्केल होकार देत नाही, नकारही देत नाही. तो उत्तर देवावरच सोपवतो आणि सांगितलेले काम करू लागतो. भाकीत वाचणाऱ्याने त्याच्याकडून शिकावे ते हेच.