साहित्य, सोल्लु आणि कर्ता : तंजावरच्या कोर्व्यांचे वाचन

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने दुसऱ्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) नावावरील मराठी नृत्यगीतांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्याचे नाव ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ असे आहे. हे शीर्षक मराठी अभ्यासकाला प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. ‘जिन्नस’ हा शब्द आपण वाणसामानाच्या यादीत वापरतो. ‘कोर्वै’ हा तमिळ शब्द, त्याच्या मुळाशी ओवण्याची क्रिया आहे. मधल्या ‘साहित्य’ या शब्दाचा अर्थ येथे वाङ्मय असा नाही. कर्नाटक संगीताच्या परिभाषेत स्वररचनेला जोडलेल्या शब्दांना साहित्य म्हणतात. त्यामुळे ओवलेल्या नृत्यबंधांसाठी लागणाऱ्या शब्दांचे नग, असा या शीर्षकाचा साधा अर्थ होतो. या गीतांच्या परीक्षणाचा निकष या शीर्षकातच सुचवलेला आहे. मराठी समीक्षेने मात्र तो क्वचितच वापरला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्येवर कान घडलेला वाचक या संहितांकडे वळतो, तेव्हा त्याची निराशा होते. ओळी आखूड आहेत, विशेषणे ठरीव आहेत, नायिकेची विरहावस्था त्याच त्या शब्दांत पुन्हा येते, वाक्यरचनेवर तेलुगू-तमिळची छाया आहे. ही निरीक्षणे चुकीची नाहीत. परंतु त्यांवरून ‘दुय्यम काव्य’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे नकाशाला चित्राचे निकष लावण्यासारखे आहे. अभिनयासाठी रचलेल्या पदात एकच ओळ पुनःपुन्हा गायली जाते आणि प्रत्येक आवर्तनाला नर्तकी तिचा निराळा अर्थ हस्तमुद्रांनी व नेत्रांनी उलगडते. शब्दांनी आधीच सगळे सांगून टाकले तर तिला करण्यासारखे काही उरत नाही. छापील पानावर जी उणीव दिसते, ती प्रयोगात नर्तकीसाठी मोकळी ठेवलेली जागा असते.

‘निरूपण’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनांचा बंध लक्षात घेतला की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. एका निरूपणात एकूण अठरा नृत्यबंध ओवलेले असतात. जयजय, शरणु, अलरु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, अभिनयपद, तिल्लाना, जक्किणी, प्रबंध अशा टप्प्यांनी जात शेवटी मंगल होते. कथा एक, राग एक आणि तालही एकच. या मांडणीच्या शेजारी त्याच दरबारातील दुसरी मांडणी ठेवून पाहावी. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू सरफोजींच्या आश्रयाला होते. आज भरतनाट्यमच्या रंगमंचावर दिसणाऱ्या क्रमाला त्यांनी रूप दिले, असे परंपरा मानते. त्यांच्या क्रमात प्रत्येक बंध स्वतंत्र असतो, राग बदलतो, कथासूत्राचे बंधन नसते. एका मांडणीत ऐक्याचा भार शब्दांवर आहे, तर दुसरीत वैविध्याचा भार संगीतावर.

पुढे चार बंधूंची मांडणी टिकली आणि निरूपण मागे पडले. याचे कारण मराठी शब्दांच्या दुबळेपणात शोधू नये. सुट्या बंधांची मांडणी कोणत्याही भाषेतील पद सामावून घेऊ शकते. निरूपणाला मात्र सलग कथा समजणारा श्रोता लागतो. दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर, १८५५ मध्ये संस्थान खालसा झाले आणि असा श्रोता एकत्र जमवणारा दरबार संपला.

आता कर्त्याचा प्रश्न. ग्रंथनामावलीत या रचना राजाच्या नावे नोंदल्या जातात. ते कर्तृत्व सरसकट नाकारण्याचे कारण नाही. शहाजीराजांपासून (कारकीर्द १६८४–१७१२) या घराण्यात लेखन करणाऱ्या राजांची परंपरा आहे. परंतु संहितेतला एक अंतर्गत पुरावा डोळ्याआड करता येत नाही. अलरु आणि सोल्लु हे बंध पाटाक्षरांवर, म्हणजे तालाच्या बोलांवर, उभे आहेत. तमिळमध्ये ‘सोल्’ म्हणजे शब्द. नृत्याच्या परिभाषेत तोच शब्द कोशार्थ नसलेल्या तालाक्षराला लागू होतो. या ‘शब्दां’चा जाणकार कवी नसतो. तो असतो नट्टुवनार, म्हणजे टाळ हाती घेऊन नृत्य चालवणारा गुरू. म्हणून अठरा बंधांची ही माळ एका लेखणीतून उतरली असे म्हणता येत नाही. तिच्या घडणीतच श्रमविभाग आहे आणि त्यात नर्तकीचा वाटा सर्वांत मोठा, पण सर्वांत कमी नोंदलेला आहे. १९४७ च्या मद्रास प्रांतातील देवदासी प्रतिबंधक कायद्यानंतर तिच्या समाजाचा या कलेशी असलेला पिढीजात संबंध उघडपणे सांगणेही कठीण झाले. नामावलीतील एकच नाव हे या सामूहिक निर्मितीचे सोयीचे शीर्षक आहे, एवढेच म्हणणे सयुक्तिक ठरेल.

याच परिसरातील एक उलट उदाहरण तुलनेला उपयोगी पडते. १८६० च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर यांची कीर्तने तंजावरात झाली. त्यांच्या प्रभावातून कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे बंध तेथे रुजले. बुवांच्या मागे उभे राहून साथीदारांनी ध्रुवपद उचलण्याची कीर्तनातली रीत या बंधांना अनुकूल होती. मराठी शब्द मागे पडले, तमिळ शब्द आले, पण चाल आणि वृत्त टिकले. निरूपणात मराठी शब्द उरले आणि प्रयोग हरवला, हरिकथेत प्रयोग उरला आणि मराठी शब्द गळाले. भाषेची सीमा ओलांडून काय टिकते, हे केवळ शब्दसंहिता पाहून ठरवणाऱ्या प्रभावाभ्यासाला या दोहोंपैकी एकाचेही नीट मोजमाप करता येणार नाही.

तेव्हा या गीतांच्या पुढील चिकित्सक आवृत्तीकडून काही अपेक्षा आहेत. पाठभेदांबरोबर राग-ताल व बोल यांची नोंद हा संहितेचाच भाग मानला जावा, आणि मराठीच्या संपादकाबरोबर नट्टुवनार परंपरेतील जाणकाराचे नाव सहसंपादक म्हणून यावे. सरस्वती महाल आणि संगीत महाल ही दोन्ही तंजावरच्या एकाच राजवाड्याच्या आवारात आहेत. आपण आजवर पहिल्या वास्तूत बसून या रचना वाचल्या. त्यांच्याविषयीचा निर्णय देण्यापूर्वी दुसऱ्या वास्तूत त्या ऐकणे आवश्यक आहे.