क्षणाचा रंग

हिंगोलीसारख्या उष्ण प्रदेशात बसून आम्ही बर्फावरील खेळाच्या चित्रांविषयी लिहावे, हे कित्येक वाचकांस विपरीत वाटण्याचा संभव आहे. परंतु स्नोबोर्डिंगची, म्हणजे दोन्ही पाय एका फळीस बांधून बर्फाच्या उतारावरून झेप घेण्याच्या खेळाची, छायाचित्रे पाहताना आमचे मन खेळाडूपेक्षा छायाचित्रकाराच्या कौशल्यातच अधिक रमले. मागे गडद निळे आकाश आणि त्यावर तांबड्या-पिवळ्या पोशाखातला खेळाडू अधांतरी तळपत असतो. हे साधण्यासाठी सभोवारचा उजेड मुद्दाम कमी घेऊन खेळाडूवर फ्लॅशचा झोत टाकतात. तो झोत पापणी लवण्याच्या कितीतरी आधी विझतो. तेवढ्या अवधीत गती थबकते.

या विद्येचे मूळ शोधू गेल्यास हॅरल्ड एजर्टन (१९०३–१९९०) यांच्यापाशी जावे लागते. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत ते विद्युत्-अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. स्वतःस कलावंत म्हणवून घेणे त्यांना रुचत नसे. आपण केवळ वस्तुस्थिती टिपतो, असे ते म्हणत. त्यांचे हे म्हणणे आम्हांस पूर्णपणे मान्य नाही.

दुधाचा थेंब पडताच उसळणाऱ्या मुकुटाचे त्यांचे चित्र प्रसिद्धच आहे. थेंब तर आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात रोज पडतो. पण त्याचा मुकुट कोणी पाहिला होता? १९३६ च्या सुमारास त्यांनी तो कृष्णधवल टिपला. १९५७ साली तोच विषय त्यांनी तांबड्या पार्श्वभूमीवर रंगीत घेतला. पहिल्या चित्रात बुद्धीस कुतूहल वाटते. दुसऱ्यात डोळ्यांस तृप्ती मिळते. वस्तुस्थिती दोहोंत एकच आहे. मग हे अधिक काय आले? ते निवडीने आले, आणि निवड आली की कला आलीच.

१९६४ सालच्या चित्रात बंदुकीची गोळी सफरचंदास भेदून जाते. निळ्या पार्श्वभूमीवर ते तांबडे फळ दोन्ही अंगांनी फुटताना दिसते. रंगयोजना येथेही अचूक आहे. तथापि आघाताचे नवल ओसरले की चित्र थोडे रिते वाटते. दुधाच्या थेंबाचे तसे होत नाही. फ्लॅश क्षणास थांबवतो, परंतु त्या क्षणापाशी आपणांस थांबवून ठेवतो तो रंग, असे आमचे मत आहे.

हा विचार केवळ परदेशापुरता नाही. आमच्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. सांज कलते, हलगी कडाडते, मल्ल एकमेकांस भिडतात आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट समोरून लखलखतो. मल्लांची अंगे पांढरीफटक दिसतात, आखाड्याची तांबडी माती फिकी पडते, मागचे माणसांचे कडे काळोखात बुडते. डाव टिपला जातो, फड मात्र हरवतो. तोच झोत जरा बाजूने टाकला व सांजेचा उजेडही थोडा येऊ दिला, तर मातीचा रंग टिकेल आणि स्नायूंस उठाव येईल.

यास फार खर्च लागत नाही. पाहण्याची सवय लागते. हा फोटो पुढे त्या मल्लाच्या घरी भिंतीवर लागतो, आणि नातवंडांस आजोबांचे तारुण्य त्यातूनच पाहावयाचे असते. ते आपल्या मातीच्या रंगासह दिसावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.