तार जुळली, नियम जुळले का? वीज नियामकांच्या ‘सहकार्या’वरच्या पेपरांबद्दल थोडं स्पष्ट

वीज नियामकांच्या प्रादेशिक सहकार्यावरचे पेपर वाचायला घेतले की दहा-बारा पेपरांनंतर एक साचा दिसायला लागतो. संघटना कधी स्थापन झाली, सदस्य किती, बैठका किती, कोणती मार्गदर्शक तत्त्वं मंजूर झाली याचा एक तक्ता, आणि शेवटी ‘सहकार्य वाढत आहे, पण आव्हानं शिल्लक आहेत’ हा निष्कर्ष. पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांना हा विषय सोयीचा वाटतो, कारण तक्त्याचं सगळं साहित्य वेबसाइटवर आयतं मिळतं. आजच्या पोस्टमध्ये मला या साच्यावर टीका करायची आहे. माझं म्हणणं एवढंच, की नियामकांचं सहकार्य खरोखर आहे की नाही हे टंचाईच्या महिन्यात कळतं, आणि हे पेपर नेमका तोच महिना बाजूला ठेवतात.

नियामक म्हणजे कोण, हे आधी थोडक्यात. वीज तयार करणाऱ्या, वाहून नेणाऱ्या आणि घरोघरी पोचवणाऱ्या कंपन्यांनी किती दर लावायचा, कोणाला जाळं वापरू द्यायचं, हे ठरवणारा आयोग. आपल्याकडे १९९९ पासून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आहे, त्याच वर्षी कर्नाटकाचाही आयोग आला, आणि दिल्लीत केंद्रीय आयोग आहे.

साचा कुठला?

या विषयावरच्या लिखाणात आफ्रिकेच्या दक्षिण भागाचं उदाहरण हमखास येतं. तिथल्या देशांच्या वीज कंपन्यांनी १९९५ मध्ये ‘सदर्न आफ्रिकन पॉवर पूल’ उभा केला. त्याचं समन्वय केंद्र झिम्बाब्वेत हरारेला आहे. नियामकांची वेगळी संघटना, म्हणजे ‘रेरा’, २००२ मध्ये आली. तिचं कार्यालय नामिबियातल्या विंडहूकला. (आपल्याकडच्या फ्लॅटवाल्या रेराशी हिचा काही संबंध नाही.) सीमेपलीकडच्या वीजव्यवहारांचं नियमन कसं करावं, याची मार्गदर्शक तत्त्वंही या संघटनेने तयार केली.

पण या संघटनेला कोणत्याही देशाच्या नियामकावर काही बंधनकारक करता येत नाही. शिवाय अंगोला, मलावी आणि टांझानिया हे देश पूलचे सदस्य असूनही वर्षानुवर्षं मुख्य जाळ्याला तारेने जोडलेलेच नव्हते. आणि २००८ मध्ये दक्षिण आफ्रिका देशात लोडशेडिंगचं मोठं संकट आलं, तेव्हा तिथल्या एस्कॉम कंपनीवर विसंबलेल्या बोत्स्वानाला मिळणारी वीज पुढच्या काळात टप्प्याटप्प्याने घटत गेली. साच्यातल्या पेपरात मार्गदर्शक तत्त्वं ‘उपलब्धी’ या रकान्यात जातात आणि बोत्स्वाना ‘आव्हाने’ या रकान्यात. माझ्या मते बोत्स्वाना हाच पेपरचा मुख्य निष्कर्ष असायला हवा होता.

हे समजून घ्यायला आफ्रिकेपर्यंत जायची गरज नाही. सोलापुरात बसूनही दिसतं.

सोलापूर–रायचूर

मी मूळचा भौतिकशास्त्राचा, त्यामुळे ही गोष्ट जरा सावकाश सांगतो. दोन वीजजाळी ‘समकालिक’ आहेत म्हणजे त्यांतली सगळी जनित्रं एकाच तालात फिरतात. एकीकडे वारंवारता ४९.९ झाली की दुसरीकडेही तेवढीच होते. २००६ पर्यंत उत्तर, पूर्व, पश्चिम आणि ईशान्य ही जाळी एकत्र आली होती. दक्षिणेचं जाळं मात्र वेगळ्या तालात चालत होतं. दोघांत वीज जायची ती एसीचं डीसी आणि पुन्हा एसी करून. चंद्रपूर जिल्ह्यातलं भद्रावती हे अशा केंद्रांपैकी एक. तिथून वीज पलीकडे जाते, ताल जात नाही.

३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर–रायचूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी समकालिक झालं. लांबी साधारण २०८ किलोमीटर. ‘एक देश, एक ग्रिड, एक फ्रिक्वेन्सी’ हे वाक्य जे आपण सगळीकडे वाचतो, ते प्रत्यक्षात आणणारी शेवटची तार आपल्या जिल्ह्यातून गेली आहे.

आता याच जिल्ह्यात नियमन कोण करतं ते पाहा. ती लाइन आंतरराज्य, म्हणून तिचे दर केंद्रीय आयोग ठरवतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प केंद्र सरकारच्या कंपनीचा, म्हणून त्याचाही दर दिल्लीतच ठरतो. त्याच प्रकल्पाशेजारच्या गावातलं घरगुती बिल मुंबईतला राज्य आयोग ठरवतो. सीमा ओलांडून विजयपूर जिल्ह्यात गेलात की बेंगळुरूचा आयोग. गोव्याची तर आणखी मजा आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ८३ मध्ये संयुक्त आयोगाची सोय आहे, ती वापरून गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी एकच आयोग आहे आणि तो बसतो गुरुग्रामला.

या सगळ्यांना एका टेबलाशी आणण्यासाठी त्याच कायद्याच्या कलम १६६ नुसार ‘फोरम ऑफ रेग्युलेटर्स’ आहे. तो २००५ मध्ये स्थापन झाला. केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष हेच फोरमचे अध्यक्ष, आणि राज्य आयोगांचे अध्यक्ष सदस्य. फोरम आदर्श विनियम तयार करतो, अभ्यास करतो, सूचना करतो. ते लागू करायचे की नाही हे ज्याचा त्याचा आयोग ठरवतो. म्हणजे ठेवण आफ्रिकेतल्या रेरासारखीच, फक्त इथे सदस्य देश नसून राज्यं आहेत.

माझे तीन आक्षेप

पहिला: तारेलाच सहकार्य समजणं. तक्त्यात ‘२०१३: दक्षिण ग्रिड जोडली’ ही ओळ नियामक सहकार्याचा टप्पा म्हणून येते. ही लाइन केंद्रीय पातळीवरच्या नियोजनातून झाली आणि पॉवरग्रिडने उभारली. महाराष्ट्र आणि कर्नाटक आयोगांमध्ये कसलाही करार व्हायची त्यासाठी गरज नव्हती. तार हे सहकार्यासाठी लागणारं साधन आहे. साधन मिळालं म्हणजे काम झालं, असं मानून चालत नाही.

दुसरा: कागद मोजणं. ‘इतक्या आयोगांनी आदर्श विनियम स्वीकारले’ असं वाक्य वाचलं की मी थांबतो. मसुदा सारखा असू शकतो आणि त्यात भरलेले आकडे पूर्ण वेगळे असू शकतात. समजा सोलापुरातल्या एका सूतगिरणीने विजयपूर जिल्ह्यातल्या सौर प्रकल्पाकडून थेट वीज घ्यायचं ठरवलं. यालाच ओपन ॲक्सेस म्हणतात. वीज आधी कर्नाटकाच्या जाळ्यातून निघणार, तिथले आकार कर्नाटक आयोगाचे. मग आंतरराज्य जाळं, तिथे केंद्रीय आयोगाचे नियम. मग महाराष्ट्राचं जाळं, तिथे आपल्या आयोगाने ठरवलेले वहन आकार, क्रॉस सबसिडी सरचार्ज आणि अतिरिक्त सरचार्ज. दोन्ही राज्यांच्या भार प्रेषण केंद्रांची ना-हरकत वेगळी. एका व्यवहारात तीन नियामक आले. तिघांचे विनियम कागदावर एकमेकांशी सुसंगत असतील, तरी सगळे आकार मिळून गिरणीला ती वीज परवडत नसेल तर व्यवहार होणारच नाही. न झालेला व्यवहार कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, आणि पेपर लिहिणारा खुशाल ‘सुसूत्रीकरण झालं’ म्हणून मोकळा होतो.

तिसरा: टंचाई वगळणं. हा सगळ्यात मोठा आक्षेप. ऑक्टोबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्याने कर्नाटकात विजेची ओढाताण झाली, तेव्हा तिथल्या सरकारने वीज कायद्याचं कलम ११ वापरलं आणि राज्यातल्या खासगी वीजनिर्मात्यांना वीज राज्याच्याच जाळ्याला द्यायला सांगितलं. असाधारण परिस्थितीत असा आदेश द्यायची मुभा कायद्यातच आहे, आणि कर्नाटकाने हे कलम त्याआधीही वापरलं होतं. निर्मात्याचं आर्थिक नुकसान आयोगाने भरून द्यावं, अशी तरतूद त्या कलमात आहे. बाहेरच्या राज्यात जो ग्राहक त्या विजेची वाट बघत असेल, त्याच्या नुकसानीबद्दल त्यात एक शब्द नाही. वर जी काल्पनिक गिरणी सांगितली, ती अशा वेळी काय करणार? तार धडधाकट असते, करार हातात असतो, फोरमच्या बैठकाही वेळेवर होत असतात.

यावर कोणी म्हणेल, की आदेश सरकारचा होता, त्यात आयोगांचा काय दोष? दोष नाहीच. पण मग केवळ आयोगांचा अभ्यास करून सहकार्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, हेच यातून सिद्ध होतं. जो खेळाडू ऐनवेळी दार बंद करतो, तो राज्य सरकार नावाचा खेळाडू या पेपरांत जवळपास गायब असतो.

दुसरी बाजूही बघू

टीका एकांगी होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

एक, सहकार्य यशस्वी झालेलं ठळक उदाहरण आपल्याकडे आहे, आणि ते म्हणजे वारंवारता. नव्वदच्या दशकात आपल्या जाळ्यांची वारंवारता ४८ च्या आसपास घसरायची. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात एबीटी पद्धत आली: वेळापत्रकापेक्षा जास्त वीज ओढली तर दर १५ मिनिटांच्या हिशेबाने पैसे मोजा, आणि जाळं अडचणीत असेल तर जास्त मोजा. ठरवलेला पट्टा ४९.० ते ५०.५ असा होता, तो आवळत आवळत २०१४ पर्यंत ४९.९ ते ५०.०५ वर आला. हे का जमलं? नियम बंधनकारक होता, चूक रोज ९६ वेळा मोजली जात होती, आणि तिची किंमत बिलात येत होती. सल्ल्याने हे झालं असतं असं मला वाटत नाही.

दोन, यावरून ‘मग सगळंच दिल्लीतून बंधनकारक करा’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्येचं जाळं कोसळलं, ६० कोटींहून अधिक लोकांच्या भागात अंधार झाला. दक्षिण वाचली, कारण तेव्हा ती वेगळ्या तालात होती. वेगळेपणालाही किंमत असते. नियमांचंही तसंच. क्रॉस सबसिडी सरचार्ज गिरणीला जाचक वाटतो, पण मोठा ग्राहक बाहेर पडला की त्याच्या वाट्याचा बोजा उरलेल्या लहान ग्राहकांवर येतो, आणि त्यांची काळजी घेणं हे राज्य आयोगाचं कामच आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये हरित ऊर्जेच्या ओपन ॲक्सेससाठी देशभर एकच नियम आणले, मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले; हा अधिकार राज्य आयोगाचा, असं न्यायालयाचं म्हणणं. वरून लादलेली एकरूपता किती टिकते, याचं उत्तर सीमेपलीकडच्या राज्यातूनच आलं.

तुम्हाला या विषयावर काम करायचं असेल तर

संघटनेपासून सुरुवात करू नका, एका व्यवहारापासून करा. एकच खरेदी घ्या आणि ती किती आयोगांच्या टेबलांवरून जाते, प्रत्येक टेबलावर किती पैसे आणि किती दिवस लागतात, ते लिहून काढा. आयोगांचे आदेश जाहीर असतात. वाचायला कंटाळवाणे आहेत, पण खरी सामग्री तिथेच आहे.

मग तोच व्यवहार दोन वेगवेगळ्या महिन्यांत तपासा: एक भरपूर विजेचा, एक टंचाईचा. दोन्हीत उत्तर सारखं आलं, तर सहकार्य आहे असं म्हणायला आधार मिळतो.

आकड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. वीज एक्स्चेंजवर तारेची क्षमता अपुरी पडली की बाजार तुटतो आणि दोन विभागांत वेगळे भाव निघतात. दक्षिणेत पूर्वी असे चढे भाव असत. सोलापूर–रायचूरपाठोपाठ कोल्हापूर–नरेंद्र, वर्धा–निझामाबाद अशा लाइन होत गेल्या तशी दरी कमी झाली. हा आकडा मोहात पाडतो, कारण तो रोज मिळतो. पण तो तार मोजतो. नियम जुळले की नाही, हे त्यातून कळत नाही. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकाने हा प्रश्न विचारला तर उत्तर आधीच तयार असू द्या.

आणि आफ्रिकेशी तुलना करायचीच असेल, तर रेराची स्थापना आणि फोरमची स्थापना शेजारी ठेवू नका. २००८ नंतरचा बोत्स्वाना आणि ऑक्टोबर २०२३ मधला कर्नाटकाबाहेरचा एखादा ग्राहक शेजारी ठेवा. एक सार्वभौम देश, दुसरा एकाच कायद्याखाली राहणारा. तरी दोघांना टंचाईत सारखाच अनुभव आला का, आणि एका कायद्याचा दुसऱ्याला काही उपयोग झाला का? या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुठल्या पेपरात सापडलेलं नाही. कोणी हा विषय घेणार असेल तर मनापासून वाचेन.