विज्ञानपटांचे रीमेक : गणित नव्याने मांडले का?



शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तपासायला बसले की दरवर्षी एक अहवाल हमखास हाती येतो. विषय तीन वर्षांपूर्वीच्या सीनियरचाच, उद्दिष्टे तीच, ब्लॉक डायग्रामही तोच. फक्त सेन्सर नवा आणि स्क्रीनवर रंगीत आलेख. मी एकच प्रश्न विचारते, "यात तुम्ही कोणते गृहीतक बदलले?" समोर शांतता. जुन्या विज्ञानपटांच्या रीमेकबद्दल मला जे म्हणायचे आहे, ते बरेचसे या शांततेबद्दलच आहे.

तुमच्यापैकी अनेक जण विचारतात, "मॅडम, जुना बघायचा की नवा?" यावर दोन ठरलेली उत्तरे आहेत. माझ्या वयाचे लोक म्हणतात, जुने ते सोने. तुमच्या वयाचे म्हणतात, जुन्यातली दृश्ये पाहून हसू येते. दोन्ही उत्तरांनी काहीच कळत नाही. विज्ञानपट एखादे गृहीतक मांडतो (समजा, असे यंत्र असते तर) आणि त्यातून काय काय निघेल ते दाखवतो. रीमेकची परीक्षाही तिथेच घ्यावी. मधल्या काळात विज्ञान बदलले, समाज बदलला. मग गणित पुन्हा मांडले, की जुन्या उत्तरात नुसते आकडे बदलले? पुढे कथा आणि शेवट उघड होणार आहेत. ज्यांना ते नको असेल त्यांनी चित्रपट पाहून मग इथे यावे.

आधी एक गैरसमज दूर करू. आज आपण 'क्लासिक' म्हणतो त्यातले काही चित्रपट स्वतःच रीमेक आहेत. जॉन कार्पेंटरचा १९८२ चा 'द थिंग' हा १९५१ च्या 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड'नंतरचा. कार्पेंटरने जुन्या चित्रपटाची नक्कल न करता दोघांचीही मूळ कथा, जॉन डब्ल्यू. कॅम्पबेलची १९३८ ची, पुन्हा उघडली. जुन्या चित्रपटाने गाळलेले गृहीतक तिथे होते : परग्रहावरचा जीव कोणत्याही माणसाची हुबेहूब नक्कल करू शकतो. मग अंटार्क्टिकाच्या तळावर कोण माणूस आणि कोण नाही? त्यासाठी तापलेल्या तारेने रक्ताची चाचणी होते आणि ती दोन्ही बाजूंनी निकाल देते. २०११ मध्ये त्याच नावाने पूर्वकथा आली. तिची दृश्ये मला गुळगुळीत वाटतात, पण तिच्यात एक खरी नवी कल्पना आहे : हा जीव धातूची नक्कल करू शकत नाही, म्हणून प्रत्येकाच्या दातातले फिलिंग तपासा. ही चाचणी मात्र एकाच बाजूने चालते. फिलिंग असेल तर माणूस. नसेल तर कदाचित त्याचे दात नुसते चांगले आहेत! भीतीने पछाडलेल्या माणसांनी अशा अर्ध्या चाचणीवर निर्णय घेणे, हा केवढा विषय होता. चित्रपट त्याला स्पर्श करतो आणि पाठलागाकडे पळतो.

आता ज्या जोडीवर मला जास्त वेळ घालवायचा आहे ती म्हणजे 'द फ्लाय'. १९५८ चा कर्ट न्यूमनचा आणि १९८६ चा डेव्हिड क्रोननबर्गचा. मूळ कथा जॉर्ज लँगलानची.

जुन्यात आंद्रे देलाम्ब्र नावाचा शास्त्रज्ञ वस्तू एका पेटीतून दुसऱ्या पेटीत पाठवणारे यंत्र बनवतो. पहिल्या प्रयोगात बशी नीट पोहोचते, पण तिच्या मागचा 'मेड इन जपान' हा छाप उलटा येतो. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण चूक नेमकी आहे आणि नेमकी चूक दुरुस्त करता येते. पुढे घरातली मांजर पाठवली जाते आणि पोहोचतच नाही. हवेत फक्त तिचे म्याव ऐकू येते. शेवटी तो स्वतः पेटीत शिरतो, सोबत एक माशी शिरते, आणि बाहेर येतो तेव्हा त्याला माशीचे डोके आणि एक माशीचा पाय. त्याचे डोके आणि हात घेऊन माशी बागेत उडते आहे.

इथे वर्गात कोणीतरी विचारतोच : डोके माशीचे आहे तर विचार कोण करतो? आंद्रे फळ्यावर लिहितो, टाइप करतो, बायकोला सूचना देतो. मेंदू कुठे गेला? आणि माशीचे डोके माणसाएवढे झाले ते कशाने? याला उत्तर नाही. १९५८ च्या चित्रपटाने शरीर म्हणजे सुट्या भागांची जोडणी मानले आणि दोन यंत्रांचे भाग अदलाबदल व्हावेत तशी अदलाबदल केली. तरीही तो चित्रपट उभा राहतो, कारण त्याची रचना रहस्यकथेची आहे. सुरुवातीलाच बायकोने नवऱ्याला हायड्रॉलिक प्रेसखाली चिरडले आहे. तिने असे का केले हे आपल्याला मागे जाऊन कळते. काळे कापड डोक्यावरून निघण्याच्या एका क्षणावर सगळा डोलारा आहे.

क्रोननबर्ग काय करतो? मधल्या २८ वर्षांत जनुकशास्त्र कुठल्या कुठे गेले होते. सेथ ब्रंडलच्या यंत्राला संगणक चालवतो. पेटीत दोन जीव आल्यावर संगणक गोंधळतो आणि दोघांना जनुकांच्या पातळीवर एकत्र करतो. एवढे एक गृहीतक बदलल्यावर बाकी सगळे बदलणे भाग होते, आणि दिग्दर्शकाने ते बदलू दिले. पहिल्या दिवशी ब्रंडल ठणठणीत बाहेर येतो. त्याची ताकद वाढते, साखरेवर वासना जाते, पाठीवर राठ केस उगवतात. मग नखे निघतात, दात पडतात, कान गळतो. काळे कापड ओढून दाखवण्यासारखा एकही क्षण उरत नाही, म्हणून रहस्यकथा टाकून द्यावी लागली. तिच्या जागी आली आजाराची कथा, रोज थोडी पुढे सरकणारी. जवळच्या माणसाचा दीर्घ आजार ज्याने घरात पाहिला आहे, त्याला या चित्रपटातली किळस वेगळीच जाणवेल. ब्रंडल स्वतःचे गळलेले अवयव औषधांच्या कपाटात नीट मांडून ठेवतो आणि त्याची थट्टा करतो. त्या रंगभूषेला ऑस्कर मिळाले, पण रंगभूषा इथे हिशेबाच्या मागून येते.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग स्टेकचा. पहिले माकड पेटीतून आतले बाहेर होऊन आले आहे. का, हे शोधण्यासाठी ब्रंडल मांसाच्या तुकड्याचा अर्धा भाग यंत्रातून पाठवतो, दोन्ही अर्धे शिजवतो आणि वेरोनिकाला चाखायला देतो. यंत्रातून आलेला तुकडा तिला कृत्रिम लागतो. ब्रंडलला उलगडा होतो : संगणकाने मांस जसेच्या तसे न पाठवता, मांस म्हणजे काय याचा स्वतःचा अंदाज पाठवला. दिसायला अचूक, चवीला खोटा. १९८६ मधला हा संवाद आज, यंत्रांनी रचलेली चित्रे आणि मजकूर रोज पाहणाऱ्या तुमच्या पिढीला मला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. उलट्या छापाच्या बशीची जागा या स्टेकने घेतली आहे. तीच पायरी, पण चूक नव्या काळाची. (जाता जाता : त्या पेट्यांचा आकार क्रोननबर्गला दुकाती मोटारसायकलच्या इंजिनाच्या सिलिंडरवरून सुचला. मेकॅनिकलवाल्यांनी पंख ओळखले असतीलच.)

आता फसलेले उदाहरण. 'द डे द अर्थ स्टूड स्टिल', रॉबर्ट वाइजचा १९५१ चा आणि स्कॉट डेरिक्सनचा २००८ चा. जुन्यात क्लाटू नावाचा परग्रहवासी वॉशिंग्टनमध्ये उतरतो. अणुबॉम्ब हाती आलेल्या माणसाला ताकीद द्यायला तो आला आहे. ताकद दाखवायची, पण कोणाला मारायचे नाही, म्हणून तो जगभरची वीज अर्धा तास बंद करतो. अपवाद : रुग्णालये आणि हवेत असलेली विमाने. हे दोन अपवाद म्हणजे त्या चित्रपटाचा आत्मा आहे. क्लाटूने परिणामांचा विचार केला आहे, हे त्यांतून कळते. लोड-शेडिंगचे वेळापत्रक ज्यांनी भोगले आहे त्यांना रुग्णालय वगळण्याचे मोल सांगायला नको.

२००८ मध्ये अणुबॉम्बची जागा पर्यावरणाने घेतली. बदल योग्यच होता. क्लाटू आता पृथ्वीला माणसापासून वाचवायला आला आहे, कारण गुंतागुंतीचे जीवन तगवणारे ग्रह मोजकेच आहेत. हे गृहीतक मूळापेक्षाही धारदार आहे. पण पुढचे गणित कोणी केलेच नाही. प्राध्यापक बार्नहार्टच्या फळ्यावरचे समीकरण दुरुस्त करण्याचा प्रसंग जुन्यातून उचलला. क्लाटूचे मन बदलते ते बाखचे संगीत ऐकून आणि आई-मुलाला रडताना पाहून. आणि शेवटी किंमत म्हणून साऱ्या पृथ्वीवरची यंत्रे बंद पडतात, या वेळी कायमची. घड्याळे थांबतात, रस्ते थांबतात आणि चित्रपट संपतो. मी खुर्चीत बसून राहिले होते : अहो, रुग्णालयांचे काय? व्हेंटिलेटरवर कोण होते? शहराला पाणी कोण चढवणार? १९५१ च्या चित्रपटाने अर्ध्या तासासाठी जेवढा विचार केला, तेवढाही इथे कायमच्या अंधारासाठी केलेला नाही, आणि आपण त्याला सुखान्त समजावे अशी अपेक्षा आहे.

जुन्यालाही मोकळे सोडू नका. १९५१ चा क्लाटू शेवटी सांगतो की आम्ही शांततेची राखण गॉर्टसारख्या यंत्रमानवांवर सोपवली आहे आणि त्यांना दिलेला अधिकार परत घेता येत नाही. चित्रपट हे शहाणपण म्हणून मांडतो. मी ते ऐकते तेव्हा अंगावर काटा येतो. त्या यंत्राची तपासणी कोण करतो?

ते विचारले १९८७ मध्ये पॉल व्हरहोवनच्या 'रोबोकॉप'ने. हा मी शाळेत असताना भाड्याच्या कॅसेटवर पाहिला. तेव्हा गोळीबाराखेरीज काही दिसले नव्हते. आता वर्गात मी फक्त बैठकीचा प्रसंग दाखवते. कंपनीच्या अधिकाऱ्यांसमोर ईडी-२०९ या पोलिसी यंत्राचे प्रात्यक्षिक आहे. एका तरुण अधिकाऱ्याने पिस्तूल रोखायचे, यंत्र त्याला ते टाकायला सांगणार. तो टाकतो. यंत्राला ते कळत नाही, ते आकडे मोजत राहते आणि त्याला ठार करते. जबाबदार अधिकारी याला किरकोळ बिघाड म्हणतो आणि दुसरा लगेच स्वतःचा प्रकल्प पुढे सरकवतो. दरवर्षी पोरे आधी हसतात, मग हसणे अर्ध्यात थांबते.

होझे पाडिल्हाच्या २०१४ च्या रीमेकला मी बरीच वर्षे मोडीत काढत होते. माझ्या एका विद्यार्थिनीने वर्गात मला अडवले, आणि तिचे बरोबर होते. या चित्रपटात मर्फीची प्रतिक्रिया निव्वळ यंत्रापेक्षा मंद भरते, कारण तो विचार करतो. मग डॉक्टर अशी व्यवस्था करतो की चकमकीत निर्णय सॉफ्टवेअर घेईल, पण मर्फीला वाटेल की आपणच घेतला. कायद्याला माणूस हवा होता, कंपनीला यंत्र. दोघांना हवे ते मिळाले, फक्त चेहऱ्यामागे कोणी नाही. हा प्रश्न १९८७ च्या चित्रपटात नाही आणि तो आपल्या काळाचा आहे.

आमचा वाद राहिला तो शेवटाबद्दल. जुन्यात रोबोकॉपला गुप्त चौथी आज्ञा आहे : कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक करता येणार नाही. खलनायक समोर असूनही तो हतबल आहे. तेवढ्यात अध्यक्ष त्या माणसाला नोकरीवरून काढून टाकतात. आज्ञा मोडली नाही, तिची अटच उरली नाही, गोळी सुटते. २०१४ मध्ये मालकाच्या मनगटावर लाल पट्टा आहे, तो असेपर्यंत मर्फी त्याच्यावर शस्त्र चालवू शकत नाही. मर्फी इच्छाशक्तीच्या जोरावर ते बंधन तोडतो. विद्यार्थिनीचे म्हणणे, मेंदू माणसाचा आहे आणि त्यातली रसायने आपोआप वाढताना चित्रपटाने आधी दाखवली आहेत. मधल्या भागापुरते मी ते मान्य केले. पट्ट्यापुरते अजून नाही : आपला निर्णय खरेच आपला आहे का, हे ज्याला कळायला मार्ग नाही असे चित्रपटाने तासभर सांगितले, त्याचा शेवटचा निर्णय मात्र खराच, हे मी कशावरून धरू?

पुढच्या तासाला येण्यापूर्वी दोन्ही 'द फ्लाय' पाहून या, १९५८ चा आधी. स्टेकच्या प्रसंगाशी चित्रपट थांबवा आणि यंत्राला या क्षणी काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, ते वहीत अर्धे पान लिहा. मगच पुढे पाहा. जेवणाच्या वेळी मात्र लावू नका.