परक्यांनी पाहिलेला खानदेशचा बाजार

कॅम्पबेलसाहेबांनी संपादिलेला, 1880 सालचा, गॅझेटियरचा खानदेश-खंड आम्ही पुन्हा चाळला. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने घरे बांधणारांस जागा देऊन धुळ्याची पेठ वाढविली, तो वृत्तान्त वाचनीय खराच. पण बाजाराकडे वळताच साहेबांस माल दिसतो, माणूस दिसत नाही. कापूस, भाव, वाटा, सारे चोख! जळगावच्या बाजारात भरताची वांगी निरखून ‘काय भाव से?’ म्हणून घासाघीस करणारी बाई मात्र त्या शेकडो पानांत आम्हांस कोठे भेटली नाही. अहिराणी कानी न घेता परका येथे वर्षानुवर्षे राहिला, तरी त्यास बाजार ऐकू कसा यावा? तथापि जुन्या कापसाचे आकडे हवे झाले, की आम्हीही तोच खंड उघडतो.